गळ्याशप्पथ!

एका भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारिला आहे. घर मोठें, मुलांनीं भरलेलें. सासूबाई, दीर, जाऊबाई सर्व एकत्र. दिवाळीची झाडलोट चालली असतां माळ्यावरील जुन्या हंड्यामागें पत्र्याची एक डबी सांपडली. आंत एक मोराचें पीस, रंगीत काचेचे तीन तुकडे, एक बिब्बा आणि चार घड्या घातलेला एक कागद. कागदावर न लागणारीं अक्षरें, व त्यांखालीं कुंकवांत बुडवून उठविलेले चार अंगठे. डबी नऊ वर्षांच्या चिरंजीवांची निघाली. दीरांनीं तो कागद सर्वांदेखत मोठ्यानें वाचण्याचा प्रयत्न केला; घर पोट धरून हंसलें. मूल मात्र पांढरें पडलें. हा कागद कसला, या प्रश्नास उत्तर नाहीं. शेवटीं आजीबाईंनीं “माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, सांग” असें म्हटलें, तेव्हां तें ओक्साबोक्शीं रडलें आणि रात्रीं न जेवतां निजलें. भगिनींचा प्रश्न असा कीं, हा हट्ट समजावा, कीं दीर म्हणतात त्याप्रमाणें अंधश्रद्धेचा अंकुर समजून वेळींच खुडून टाकावा?

दोन्ही नव्हे, असें आमचें उत्तर आहे. पण तें एका ओळींत देण्याजोगें नाहीं. म्हणून या महिन्याचीं पानें त्यासच देतों.

प्रथम शब्दच पाहूं. ‘शपथ’ आणि ‘शाप’ हे दोन्ही शब्द ‘शप्’ या एकाच धातूचे. धातुपाठांत त्याचा अर्थ ‘आक्रोश’, म्हणजे शिव्याशाप देणें, असा दिला आहे. तेव्हां शपथ म्हणजे मनुष्यानें स्वतःलाच अट घालून दिलेला शाप होय: मी खोटें बोलत असेन तर माझें अमुक होवो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०४ व्या सूक्तांत वसिष्ठ ऋषि, आपण जादूटोणा करणारे असूं तर आजच मरण येवो, अशा अर्थाचें बोलतात. जादू आणि शपथ यांची सोबत ही अशी पुरातन आहे.

मुलांनीं धातुपाठ पाहिलेला नसतो, तरी हें मर्म त्यांस अचूक ठाऊक असतें. त्यांच्या शपथांस प्रतवारी असते. ‘देवाशप्पथ’ ही सर्वांत स्वस्त; देव दूर असतो आणि दयाळू असतो. ‘विद्याशप्पथ’ त्याहून जड, कारण वार्षिक परीक्षा देवापेक्षां जवळ असते. ‘गळ्याशप्पथ’ म्हणतांना कंठावरची कातडी चिमटींत धरावी लागते. नुसतें तोंडानें म्हटलेलें ग्राह्य नाहीं. आणि ‘आईशप्पथ’ ही शेवटची. तिच्यापुढें उलटतपासणी होत नाहीं. ज्याचा नाश सोसवणार नाहीं तें पणाला लावावयाचें, हें या प्रतवारीचें तत्त्व. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हेंच तत्त्व आहे. ब्राह्मणानें सत्याची, क्षत्रियानें वाहनाची व शस्त्राची, वैश्यानें गाई, धान्य व सोनें यांची शपथ घ्यावी, असें तेथें सांगितलें आहे. चौथ्याच्या माथीं मात्र सर्व पातकें दिलीं आहेत, आणि त्या विषमतेचें समर्थन आज कोणी शहाणा करणार नाहीं. पुढच्याच श्लोकांत बायकामुलांच्या मस्तकास हात लावून शपथ घेण्याचा प्रकार येतो. आईशप्पथेचीच ही वडीलधारी आवृत्ति म्हणावयाची.

पळवाटाही दोहोंकडे आहेत. विवाहाच्या बोलण्यांत, गाईच्या चाऱ्याकरितां, सरपणाकरितां, ब्राह्मणाच्या रक्षणाकरितां घेतलेल्या खोट्या शपथेस पातक नाहीं, असें मनु सांगून मोकळा होतो. आमच्या वेळचीं मुलें शपथ घेऊन झाली कीं मनांतल्या मनांत ‘सुटली’ असें म्हणत, आणि समोरचा हुषार असेल तर “आतां मोठ्यानें म्हण, सुटली नाहीं म्हणून” असें बजावी. इंग्लंडांतील मुलें याच कामीं पाठीमागें बोटावर बोट चढवितात. आयोना व पीटर ओपी या दांपत्यानें ब्रिटनमधील सत्तर शाळांतील सुमारें ५००० मुलांकडून त्यांच्या खेळांचीं, शपथांचीं व वचनांचीं वाक्यें गोळा करून १९५९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांचा एक स्वतंत्र तोंडी कायदा असून, तो आईबापांकडून न येतां मोठ्या मुलांकडून धाकट्या मुलांकडे जातो, हें त्या ग्रंथांत ठायीं ठायीं दिसतें. आमच्याकडे असा संग्रह तितक्या चिकाटीनें कोणी केला तर तो हौसेनें वाचणारे पुष्कळ मिळतील.

आतां आमच्याच एका मंडळाचा वृत्तान्त सांगतों. आमचें बालपण वाईस, कृष्णाकांठीं गेलें. आम्ही सातजण होतों. शाळेंत गुरुजींनीं मराठी रियासतींतल्या बेलभंडाराची गोष्ट सांगितली होती. बेलाचें पान व भंडारा उचलून दिलेलें वचन मोडावयाचें नाहीं, हें ऐकून आम्ही भारून गेलों. त्याच संध्याकाळीं घाटाच्या शेवटच्या पायरीवर ओंजळींत कृष्णेचें पाणी, वर बेलाचें पान, आणि भंडाऱ्याऐवजीं घरांतून आणलेली चिमूटभर हळद घेऊन मंडळाची स्थापना झाली. मंडळाची भाषा ‘च’ची: पहिलें अक्षर उचलून शेवटीं ठेवावयाचें व त्याच्या जागीं ‘च’ घालावयाचा, ‘मला’चें ‘चलाम’, ‘पाणी’चें ‘चणीपा’. ही भाषा साऱ्या महाराष्ट्रांतील मुलांस येत असल्यानें ती गुप्त कशी, असा प्रश्न आमच्यापैकीं कोणीं विचारिला नाहीं. लिहावयाचें असेल तर लिंबाच्या रसानें. कागद दिव्यावर धरला म्हणजे तपकिरी अक्षरें उमटत. प्रत्येकाच्या पुस्तकांत मोराचें पीस असे, आणि त्यास खडूचा भुगा घातला तर पिलें होतात असें ठरलेलें असल्यामुळें शाळेंतील खडू फार लौकर संपत.

आमच्यांतील एक गडी पायाळू होता. पायाळू मनुष्याच्या डोळ्यांत अंजन घातलें तर त्यास भूमिगत धन दिसतें, ही समजूत वाचकांनीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकिली असेल. आम्हीही ऐकिली होती. एका अमावास्येस, म्हणजे ज्या दिवशीं वडील मंडळी लौकर निजत नाहींत त्या गैरसोयीच्या दिवशीं नव्हे, तर दुसऱ्या दिवशीं दुपारीं, निरांजनाची काजळी तुपांत खलून ती त्याच्या डोळ्यांत घातली. सहाजण भोंवतीं उकिडवे बसलों. मंत्र हवा होता. तो आमच्यापैकीं ज्यास अमरकोश पाठ येत होता त्यानें पुरविला. समुद्राचीं नांवें उलट्या क्रमानें म्हणणें इतकाच तो मंत्र होता. पायाळूनें पिंपळाच्या मुळाशीं बराच वेळ पाहिलें, आणि हळूच म्हणाला, “आहे. पण फार खोल आहे.”

आम्हीं खणलें नाहीं. त्याला खरोखर दिसलें का, असेंही कोणीं विचारिलें नाहीं. तो खोटें बोलला, असें त्या वेळींही वाटलें नाहीं व आजही वाटत नाहीं. मुलांचा त्यावर विश्वास असतो काय? असतो, असें म्हणतां येत नाहीं. विश्वास असता तर कुदळ आणली असती. नसतो, असेंही म्हणतां येत नाहीं. नसता तर घसा कोरडा कां पडता? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावरील अभिनवगुप्तांच्या टीकेंत श्रीशंकुकांचें मत दिलें आहे, त्यास ‘चित्रतुरग-न्याय’ म्हणतात. चित्रांतील घोडा पाहतांना होणारें ज्ञान खरेंही नव्हे, खोटेंही नव्हे, संशयही नव्हे, केवळ सादृश्यही नव्हे. तें चारहींहून वेगळें असें ज्ञान आहे, आणि नाटकांतील रामास पाहतांना तेंच होतें. आम्हांस वर्षानुवर्षें संस्कृत शिकवितांना या न्यायाचें याहून चांगलें उदाहरण सुचलें नाहीं. अंधश्रद्धा तेथें सुरू होते, जेथें कोणी कुदळीचे पैसे मागतो. आपल्या पत्रलेखिकेच्या दीरांनीं हा फरक ध्यानांत घ्यावा. मोराच्या पिसास खडू चारणारा मुलगा पुढें भोंदूच्या नादीं लागतो, असा आमचा अनुभव नाहीं. आमच्या मंडळांतला मांत्रिक पुढें रसायनशास्त्राचा अध्यापक झाला.

मंडळाचें खरें गुपित काय होतें, तें येथें लिहितां येत नाहीं. सातांपैकीं पांच हयात आहेत.

अशा खेळांतून काय उरतें, याचें एक थोर उदाहरण रशियाचें आहे. लिओ टॉल्स्टॉय पांच वर्षांचा असतांना त्याचा वडील बंधु निकोलाय यानें धाकट्या तिघां भावांस सांगितलें कीं, सर्व माणसें सुखी होतील, कोणी कोणावर रागावणार नाहीं, असें एक रहस्य आपणांस ठाऊक आहे. तें एका हिरव्या काठीवर लिहून यास्नाया पोल्याना येथील रानांत, घळीच्या कडेला पुरून ठेविलें आहे. रहस्य जाणणारे ते ‘मुंगी-बंधु’. वास्तविक थोरल्यानें कोठें तरी मोराव्हियन बंधु या ख्रिस्ती पंथाचें नांव ऐकलें असावें, आणि रशियन भाषेंत त्या नांवाचा ध्वनि मुंगीच्या शब्दासारखा लागतो, असा खुलासा टॉल्स्टॉयनेंच मागाहून केला. खुर्च्यांवर शाली टाकून त्यांखालीं काळोखांत भाऊ एकमेकांस बिलगून बसत. त्यांची आई तेव्हां वारलेली होती, हें वाचकांनीं विसरूं नये.

इच्छा पूर्ण होण्यासाठीं अटी होत्या. कोपऱ्यांत उभें राहून पांढऱ्या अस्वलाचा विचार मनांत आणूं नये. फळ्यांच्या जमिनीवरील फटीवरून पाऊल न चुकतां चालावें. वर्षभर ससा दृष्टीस पडतां कामा नये: जिवंत नाहीं, मेलेला नाहीं, शिजवलेला नाहीं. आणि हें कोणास सांगणार नाहीं, अशी शपथ घ्यावी. औषध घेतांना माकडाची आठवण काढूं नको, असें सांगणारा आपल्या गोष्टींतील वैद्य या निकोलायचा सख्खा भाऊच म्हणावयाचा. टॉल्स्टॉयनें उत्तरवयांत लिहिलेल्या आठवणींत म्हटलें आहे कीं, मुंगी-बंधूंचा तो प्रेमानें बिलगून बसण्याचा आदर्श आपल्या मनांत तसाच राहिला. फक्त शाली टाकलेल्या दोन खुर्च्यांखालच्या चौघांच्या जागीं सर्व आकाशाखालचीं सर्व माणसें आलीं. हिरव्या काठीच्या जागींच आपणांस पुरावें, अशी त्यानें इच्छा दर्शविली. १९१० सालीं तो वारला, आणि त्या घळीच्या कडेला, क्रूस नाहीं कीं दगड नाहीं, असें त्याचें थडगें आहे. त्या घरांतील एखाद्या वडील माणसानें पोरांदेखत फावडें घेऊन ‘चला, दाखवा तुमची काठी’ म्हटलें असतें तर काय झालें असतें, कोण सांगेल?

आतां शपथेच्या बलाबलाचा प्रश्न. आपला १९६९ चा शपथ अधिनियम असें सांगतो कीं, साक्षीदार बारा वर्षांहून लहान असेल, आणि सत्य बोलण्याचें कर्तव्य त्यास कळतें पण शपथेचें स्वरूप कळत नाहीं असें न्यायालयास वाटलें, तर त्यास शपथ देण्याचें कारण नाहीं. कायदा दयाळूपणानेंच लिहिला आहे. पण शपथेचें स्वरूप बारा वर्षांखालीं जितकें कळतें तितकें पुढें कधींही कळत नाहीं, असें आम्हांस वर्गांत उभें राहून अनेक वेळां वाटलें. मोठा मनुष्य ‘आईशप्पथ’ म्हणतो तो पाऊस फार पडला हें सांगण्याकरितां.

आमच्या ओळखीचे एक शिक्षक होते. कांच फुटली, खडू चोरीस गेले, कीं ते सरस्वतीच्या तसबिरीवर एकेकास हात ठेवावयास लावीत. या उपायानें खरा अपराधी सांपडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. जीं पापभीरु मुलें होतीं तीं थरथरत, न केलेल्या गोष्टीही कबूल करीत. निर्ढावलेलीं मुलें हात ठेवून मोकळीं होत. वरून लादलेली शपथ सज्जनासच अडकविते. उलट, जी शपथ चार सारख्या वयाचीं मुलें एकमेकांस आपखुषीनें देतात, ती पोलीस नसतांही पाळली जाते. झां पियाजे यांनीं जिनेव्हा व न्यूशातेल येथील मुलांचा गोट्यांचा खेळ पाहून १९३२ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत असें दाखविलें आहे कीं, लहान मुलांस नियम म्हणजे वडीलधाऱ्यांकडून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. दहा-अकराच्या सुमारास तींच मुलें, नियम म्हणजे आपसांतला करार, असें समजूं लागतात. आपल्या पत्रलेखिकेचा नऊ वर्षांचा मुलगा याच उंबरठ्यावर आहे. चौघांनीं मिळून एक करार केला, आणि तो त्यानें भुकेल्या पोटीं पाळला.

त्याच्यापुढें त्या रात्रीं दोन शपथा होत्या. बोललों तर मित्रांस दिलेला शब्द मोडतो. न बोललों तर आजी मरते. आजीबाईंस हें वाक्य प्रेमाचें वाटलें असेल. नऊ वर्षांचें मूल तें अक्षरशः ऐकतें. तें रात्रभर आजीचा श्वास ऐकत पडलें नसेल, असें आम्हांस खात्रीनें सांगतां येत नाहीं. तेव्हां पहिलें काम आजीबाईंचें. त्यांनीं नातवास जवळ घेऊन, मोठ्यानें, “शपथ सुटली” असें म्हणावें. ज्यानें घातली त्यानेंच ती सोडावयाची असते, हा मुलांच्या कायद्यांतील नियम आहे. दुसरें काम दीरांचें: डबी, पीस, काचा आणि कागद जसाच्या तसा हंड्यामागें परत ठेवावा, आणि पुन्हां त्याविषयीं शब्द काढूं नये. बिब्बा मात्र काढून घ्यावा. त्याचें तेल अंगास लागलें तर फोड येतात. तो कां घेतला, हें मुलास सांगून घ्यावा.

येथवर लिहून थांबतां आलें असतें. पण एकत्र कुटुंबांतील एक गोष्ट उघड बोलली जात नाहीं, ती बोलणें भाग आहे. मुलांचीं सर्व गुपितें डबींतलीं नसतात. कधीं कधीं एखादा मोठा माणूस—घरांतला, शेजारचा, येणारा-जाणारा, शिकविणारा—मुलाशीं अनुचित वागतो, आणि वर म्हणतो, “कोणाला सांगूं नकोस, तुझ्या आईची शपथ.” मुलाजवळ जें सर्वांत पवित्र, तेंच तो कुलूप म्हणून वापरतो. मूल महिनेच्या महिने गप्प राहतें, आईला जगविण्याकरितां. आईस तें चिडखोर, हट्टी, अभ्यासांत मागें पडलेलें दिसतें.

या दोन गुपितांतील फरक आठ वर्षांच्या मुलास समजतो, सांगितला तर. पहिलें सारख्या वयाच्या सोबत्यांनीं हौसेनें केलेलें असतें. तें आठवून हंसूं येतें. दुसरें मोठ्यानें लहानावर घातलेलें असतें. तें आठवून पोटांत गोळा येतो. मुलास त्याच्याच भाषेंत सांगावें: मोठ्या माणसानें ‘सांगूं नको’ म्हणून घातलेली शपथ लागतच नाहीं, ती घालतांक्षणींच सुटलेली असते, आईला कांहीं होत नाहीं, आणि आईला सांगितलेलें चालतें. एकदां सांगून भागत नाहीं. न्हाऊ घालतांना, गोष्ट सांगतांना, पांच-सहा वेळां सहज बोलावें. आणि ज्या आईबापांनीं स्वतः मुलास शपथा घालून त्याचीं लहान गुपितें उकरून काढिलेलीं असतात, त्यांच्या या सांगण्यावर मुलाचा विश्वास कसा बसावा, याचा त्यांनींच विचार करावा.

मुलानें कांहीं सांगितलें, तर ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तेथें उपयोगाची नाहीं. बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणासाठीं २०१२ सालीं जो कायदा झाला, त्याप्रमाणें असा अपराध ठाऊक असून पोलिसांस न कळविणें हा स्वतंत्र अपराध आहे. घराण्याची अब्रू ही सबब तेथें चालत नाहीं. बालकांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि-क्रमांक असून त्यास पैसे पडत नाहींत. तो मुलांकडून पाढ्यांबरोबर पाठ करून घ्यावा, आणि घरांतील मोठ्या माणसांनींही तो कोठें तरी दिसेल असा लिहून ठेवावा.

दुसऱ्या एका वाचकांनीं, भोंडल्याची खिरापत आधीं फोडणाऱ्या धाकट्या भावास काय शिक्षा असावी, असें विचारिलें आहे. प्रश्न गंभीर आहे. उत्तर पुढील अंकीं.